डबल बेल

वाणगाव स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्यांच्या लेखी हातात बायबल असलेला प्रत्येक पुरुष 'फादर' असतो. त्यांचंही बरोबर आहे. लोकल वसईवरून वर येते आणि वसईत फादर मुबलक. त्यातून २०२० च्या जानेवारीत वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हापासून पेपर वाचणाऱ्यांच्या मनात फादर म्हणजे वजनदार माणूस हे पक्कं बसलं. पण कॅथलिक फादर लग्न करत नाहीत, आणि मी पडलो प्रॉटेस्टंट पाळक. मला रीतसर लग्नाची बायको आहे, एक मुलगी आहे, आणि आम्ही तिघं स्कूटरवरून बाजाराला निघालो की स्टँडवरून हाक येते, "काय फादर, फॅमिली?" त्या 'फॅमिली'त "वर कळवलंय का?" हाही प्रश्न असतो. बायको सुरुवातीला संतापायची. आता ती भाजीवालीपुढे उभी राहून मुद्दाम मोठ्याने विचारते, "अहो फादर, कोथिंबीर घ्यायची का?"

दुसरी पंचाईत वयाची. मिशी जेमतेम, अंगकाठी किरकोळ. मयताच्या घरी पोचलो की ओट्यावरचे लोक माझ्या मागे कोण येतंय ते बघतात.

"पाळक आले का?"

"मीच."

"तसं नव्हे. मोठे पाळक?"

मोठे पाळक नसतात. मीच असतो. दुःखात बुडालेल्या माणसाला धीर देण्याआधी त्याला स्वतःची ओळख पटवून द्यावी लागते, हे सेमिनरीत कुणी शिकवलं नव्हतं.

आता गावाविषयी. चिकूचं नाव डहाणू-घोलवडने नेलं, त्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. वाणगावच्या वाट्याला तिखट आलं. इथे मिरची पिकते, पहाटे तोडणी होते, पोती भरतात, आणि गावातल्या सगळ्या सुखदुःखाचा भाव मिरचीच्या भावावर ठरतो. रविवारच्या उपासनेत विनंत्या मागितल्या की दुसऱ्या बाकावरचे शेतकरी काका म्हणतात, "मिरचीला भाव येऊ दे." त्यांच्या शेजारी खाणावळ चालवणाऱ्या काकू बसतात. त्या म्हणतात, "महागाई उतरू दे." दोघांचं मिळून एकच 'आमेन' म्हणायचं असतं. मी डोळे मिटून म्हणतो. पुढचं देव बघून घेईल.

डहाणूच्या बाजूला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेहून ब्रदरन पंथाचे मिशनरी आले. प्रभुभोजनाच्या वेळी एकमेकांचे पाय धुवायचे, ही त्यांची जुनी रीत. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, त्यात ब्रदरनही आले. कागदोपत्री पंथ मिटले, पण पाय धुण्याची हौस जुन्या माणसांत शिल्लक राहिली. पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी त्यांचा आग्रह मोडवत नाही. एके वर्षी मी सगळ्यांचे पाय धुतले आणि एक तरुण भक्तिभावाने पुढे झाला, "आता तुमचे." तो दिवसभर मिरची तोडून आला होता. माझ्या टाचांना भेगा. त्याने इतक्या प्रेमाने चोळून धुतले की पाच मिनिटांत दोन्ही टाचा पेटल्या. चेहऱ्यावर नम्रता ठेवणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी गावभर झालं, काल पाळकांचे डोळे भरून आले होते.

बायकोची कथा वेगळी. पाळकाशी लग्न केलेली बाई म्हणजे पाळकीणबाई. तिला पेटी वाजवता यायलाच हवी, संडे स्कूल तिनेच घ्यायचं, आणि येईल त्याला चहा. हिला पेटी येत नाही. ही बोईसरला नोकरी करते आणि सकाळची गाडी पकडते. डहाणूपर्यंत लोकल २०१३ साली आली, ती मुख्यतः आपल्यासाठी आली असं तिचं म्हणणं आहे. उशाशी तिने लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ठेवली आहेत. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, बाईंनी १९०० साली. मधली पाच वर्षं आणि नंतरचा संसार, नवऱ्याचं विसराळूपण, घरात आणलेली माणसं, हातून निसटलेला पैसा, प्लेग, मरणं, हे सगळं बाईंनी हसत सांगितलंय. मी महिनाअखेरीस कुणाला उसने पैसे देऊन आलो की ही पुस्तक उघडते आणि काही न बोलता वाचू लागते. भांडण परवडलं.

आणि मग दादा. माझे वडील. एसटीत कंडक्टर. सगळी नोकरी नगर-मनमाड रस्त्यावर काढली. आई गेल्यावर ते आमच्याकडे आले आणि चर्चमध्ये पहिल्या बाकाची कडेची जागा धरून बसले. एसटीत एक बेल म्हणजे थांबा, दोन बेल म्हणजे चला. दादांनी दोरीच्या जागी खोकला वापरायला सुरुवात केली. प्रवचन त्यांच्या अंदाजाबाहेर गेलं की एकदा खोकायचे, कोरडं, स्पष्ट. मंडळीला महिन्याभरात खूण कळली. दादा खोकले की बायका पिशव्या आवरायला लागत. दोनदा खोकून "चालू दे" असं त्यांनी मला कधीच सांगितलं नाही.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात भूकंपाचे हादरे सुरू झाले. धुंदलवाडीकडचे लोक भर थंडीत घराबाहेर तंबूत झोपत होते. १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. त्या दिवसांतल्या एका रविवारी माझं प्रवचन रंगात आलं असताना पत्रे थरथरले, पाट्या हलल्या आणि अख्खी मंडळी पटांगणात. तेविसाव्या स्तोत्रावर बोलत असलेला मीही पटांगणात. आत एकटे दादा. मी खिडकीतून ओरडलो, "दादा, बाहेर या!" ते बसल्या जागेवरून म्हणाले, "काही नाही रे, राहुरीच्या पुढचा रस्ता लागलाय." त्या रस्त्याने ज्याची हाडं मोजली आहेत, त्याला रिश्टरचं काय सांगता?

एकदा शेजारच्या वारली कुटुंबात लग्न होतं. वारल्यांचं लग्न धवलेरी लावते. ती बाई गात असते आणि भिंतीवर चौक लिहिलेला असतो, त्यात पालघट देवी. तिचं गाणं तासन्‌तास चाललं. मी तिरप्या नजरेने दादांकडे बघत होतो. खोकला नाही. डोळे मिटून ऐकत होते. परतताना म्हणाले, "ती चालीत सांगते. तू नुसता सांगत बसतोस."

पुढे दादांचा खोकला खरा झाला. आधी रात्रीचा, मग दिवसाचा. वापीच्या दवाखान्यात फोटो काढले, डॉक्टरांनी ते उजेडाकडे धरले आणि मला बाहेर बोलावलं. दादा तरीही रविवारी यायचे, त्याच जागेवर. आता कोणता खोकला खुणेचा आणि कोणता आजाराचा हे मला कळेना. मग मी दोन्हींना थांबू लागलो. प्रवचनं आखडत गेली. मंडळी खूश. कमिटीच्या सेक्रेटरींनी तर जाहीर अभिनंदन केलं.

जागाही त्यांनी आधीच बघून ठेवली होती. कबरस्थानात चिकूच्या वाडीला लागून, कुंपणाच्या कडेला. "मधे नको. खिडकीची बघ."

गेले ते ऐन श्रावणात. खणलेल्या खड्ड्यात गुडघाभर पाणी. बादल्यांनी उपसून संपेना, तेव्हा एकाने शेतातला पंप आणला, पाइप सोडला, आणि माझ्या वडिलांची कबर मिरचीच्या वाफ्याच्या पंपाने कोरडी झाली. स्वतःच्या बापाचा दफनविधी मला झेपला नसता, म्हणून बाहेरगावाहून एक ज्येष्ठ पाळक बोलावले होते. पंप थांबला आणि ते सुरू झाले. वर ताडपत्री, त्यावर पावसाचा मारा, ताडपत्रीला पाण्याने पोट आलेलं, चार पोरं बांबूंनी ते वर ढकलतायत. आदाम झाला, अब्राहाम झाला, मोशे नुकताच निघाला होता. आणि मागून, गर्दीतून, कुणीतरी खोकलं. एकदाच. कोरडं, स्पष्ट.

आधी खाणावळवाल्या काकू फुटल्या. मग कॉयरची पोरं. बायकोने पदर तोंडावर घेतला, पण खांदे लपेनात. मी शवपेटीकडे बघितलं आणि मलाही आवरेना. हसता हसता रडू कधी सुरू झालं ते कळलं नाही. दोन्ही एकाच वेळी चालू होतं म्हणा. पाहुणे पाळक गोंधळले, मोशेला तिथेच सोडून त्यांनी 'आमेन' म्हटलं. दादा वेळेत पोचले.

त्यानंतर सांत्वनाला लोक आले, आणि त्यांनी माझीच वाक्यं मला ऐकवली. रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय, त्यावर मी केलेले तीन मुद्दे, त्याच क्रमाने. "पाळकसाहेब, तुम्हीच आमच्या घरी म्हणाला होता." म्हणालो होतो खरा. माझा विश्वास त्या वाक्यांवर तेव्हाही होता, आजही आहे. फक्त ऐकणाऱ्याच्या खुर्चीत बसल्यावर ती जरा लांबून ऐकू येतात.

मग एका संध्याकाळी एक मावशी आल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांचा तरणा मुलगा गेला, तेव्हा मी त्यांच्या ओट्यावर तासभर बोललो होतो. त्या खाली बसल्या, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "यंदा मिरचीवर बोकड्या आलाय." पानं कशी आकसतात, फवारणी कितीदा केली, औषधवाला काय म्हणाला, व्यापारी काय म्हणाला, हे सगळं त्यांनी सांगितलं. दादांचं नाव नाही, देवाचंही नाही. उठताना पिशवीतून मूठभर मिरच्या आणि सुका जवळा काढून ठेवला. त्या रात्री मी पोटभर जेवलो. मयताच्या घरी आता मी कमी बोलतो. पिकाची चौकशी मात्र करतो.

थंडीत आमच्याकडे कापणीचा सण असतो. लोक शेतातलं पहिलं आणतात: चिकू, मिरची, तांदूळ, नारळ, अंडी, पाय बांधलेला कोंबडा. उपासनेनंतर पटांगणात लिलाव. इतकी वर्षं लिलाव दादा पुकारायचे, "चला, पुढे सरका, मागे जागा आहे." आता ते काम कमिटीने एकमताने माझ्याकडे दिलंय. पहिल्या वर्षी मी कोंबडा पुकारत असताना तो सुटला आणि वेदीपर्यंत गेला. त्याला तिथून बोली लावून बाहेर काढावं लागलं. लाल भोपळा कुणी घेत नाही. तो दरवर्षी पाळकाच्याच गळ्यात पडतो आणि पंधरा दिवस आमच्या घरी भोपळ्याचे घारगे, भोपळ्याची भाजी, भोपळ्याचं भरीत.

तेव्हा त्या दिवसांत वाणगावला उतरलात तर जरूर या. कोणत्या धर्माचे, कोणत्या पंथाचे, कोणी विचारणार नाही. रिक्षावाल्याला "फादरकडे" म्हणा, बरोबर आणून सोडेल. भोपळ्यावर बोली लावा. आणि येताना सुटे पैसे आणा.