आधी सातबारा वाचा

सॉफ्टवेअरवाल्यांचा एक वाद काही मिटत नाही: खुलासा कोडच्या ओळीशेजारी कॉमेंटमध्ये लिहायचा, की वेगळ्या अहवालात? अहवाल थाटामाटात मंजूर होतो आणि फोल्डरमध्ये समाधी घेतो. कॉमेंट म्हणते, 'काउंटमध्ये एक मिळवला.' ते दिसतंच आहे की! का मिळवला, हे ठाऊक असलेला मात्र केव्हाच दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो.

या विद्वानांनी शहापूर तालुक्यातल्या डोळखांबच्या कुठल्याही शेतकऱ्याचा सातबारा बघावा. नावाशेजारी फेरफार क्रमांक, 'इतर हक्कां'त कूळ नाहीतर सोसायटीचा बोजा. जमीन या नावावर वारसाने आली की खरेदीने, ती हकिकत गाव नमुना 6 मध्ये, त्याच क्रमांकाखाली. शिवाय मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्याशिवाय नोंद पक्की नाही. यालाच हे लोक 'कोड रिव्ह्यू' म्हणतात आणि त्याची कार्यशाळा भरवतात.

तलाठी जागेवर सापडत नसेल, पण त्याची नोंद सापडते. तेव्हा वाद पुरे. ओळीशेजारी कारण लिहा, अहवालाचा क्रमांक टाका. आणि हे सगळं राजीनामा देण्याआधी करा.