दोन पायांचा कळप

न्यूयॉर्क राज्यातील ऱ्हाइनबेक या हडसनकाठच्या गावी दर ऑक्टोबरात मेंढ्यांचा आणि लोकरीचा जो महोत्सव भरतो, त्यात मेंढी हे केवळ निमित्त असून खरा कळप दोन पायांवर हिंडतो, हे प्रथमदर्शनीच ध्यानी येते. या उत्सवासाठी म्हणून हौशी विणकर मंडळी महिनोन्‌महिने खपून नवा स्वेटर सिद्ध करतात, प्रसंगी आदल्या रात्री मुक्कामाच्या खोलीत त्याची दुसरी बाही पुरी करतात, आणि सकाळी लख्ख ऊन पडले तरी तो अंगातून उतरवीत नाहीत; कारण त्याचे प्रयोजन थंडीचे निवारण हे नसून इतरांच्या दृष्टीस पडणे हे असते.

लोकरविक्रीच्या दालनात तर सुशिक्षित, सुखवस्तू माणसे (प्रस्तुत लेखिकाही त्यांतच उभी होती, हे नमूद करणे प्राप्त आहे) एका मेंढीची न धुतलेली अखंड लोकर, गवताच्या काड्या, लेंड्या आणि हाताला चिकटणारा ओशटपणा यांसकट, पौंडाच्या भावाने घेण्यासाठी रांग धरतात. धुतल्यावर त्यातील कधीकधी निम्मे वजन मोरीवाटे वाहून जाते, म्हणजे मळाचेही दाम रोख मोजलेले असतात. घरच्या कपाटांत पूर्वीचा मुद्देमाल शिल्लक असतोच; तो विणून संपवायचा तर आयुष्याच्या मुदतवाढीचा अर्ज वरच्या दरबारी गुदरावा लागेल.

मे महिन्यात मेरीलँडला असाच दुसरा महोत्सव असतो, आणि मंडळी तिथेही जातात. मेंढी मात्र बहुधा वर्षातून एकदाच भादरली जाते. त्या हिशेबाने तिची अवस्था तिच्या चाहत्यांहून बरी म्हटली पाहिजे.