बसणाऱ्यांच्या गावातला उभा माणूस

आमचं अंतरवाली सराटी प्रसिद्ध झालं ते बसण्यामुळं. 29 ऑगस्ट 2023 ला मनोज जरांगे पाटील इथं मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसले, 1 सप्टेंबरला लाठीमार झाला आणि अंबड तालुक्याबाहेर फारसं कुणाला ठाऊक नसलेलं गाव घरोघरच्या टीव्हीवर दिसू लागलं. सतराव्या दिवशी तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे स्वतः आले, तेव्हा उपोषण सुटलं. पुढच्या वर्षी जूनमध्ये शेजारच्या वडीगोद्रीत ओबीसींसाठी लक्ष्मण हाके बसले. तिथंही मंत्री आले. आमच्या पट्ट्यात जो बसतो, त्याच्याकडं सरकार येतं.

आमच्या आबांची अडचण एवढीच, की त्यांना बसताच येत नाही.

का, ते आबा सांगत नाहीत. 'जरा उष्णता झालीय' म्हणतात आणि पारावर उभ्यानं पेपर वाचतात. मूळव्याधीचं नाव गावात मोठ्यानं घेते ती फक्त भिंत: 'मूळव्याध, भगंदर, एका दिवसात कायमचा इलाज', खाली मोबाइल नंबर.

सरकारी दवाखान्यात आबांना मलमाची चिठ्ठी मिळाली. मलम नाही मिळालं. "स्टॉक नाही, बाहेरून आणा." सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत, हे खरं. फुकट औषधाचा फायदा असा, की ते नसलं तरी त्याचे पैसे कुणी मागत नाही.

सरकार हातावर हात ठेवून बसलं, असं मात्र कुणी म्हणू नये. 2017 मध्ये औषधखरेदी हाफकिन महामंडळाकडं दिली. ज्या नावानं प्लेगच्या लशीचा इतिहास घडवला, ते नाव निविदांच्या कागदांवर आलं. उशिराची ओरड झाली, तेव्हा 2023 मध्ये वेगळ्या प्राधिकरणाचा कायदा केला. खरेदी करणारा बदलला. 'स्टॉक नाही' हे दोन शब्द तेवढे टिकले.

बाहेरचा मेडिकलवालाही म्हणाला, "ही ट्यूब येईना सध्या, दुसऱ्या कंपनीची देऊ का?" आबा परत डॉक्टरांकडं गेले. डॉक्टर भला माणूस. म्हणाला, "आबा, दुसऱ्या कंपनीचं चालतं, आतलं औषध तेच पाहिजे, मला दाखवून घ्या. स्टिरॉइडचं असलं तर मनानं महिनोन्‌महिने लावू नका. मलमानं ठणका कमी होतो, मूळ जात नाही. मूळ पोट साफ नसण्यात आहे. पाणी प्या, पालेभाजी खा, रात्री इसबगोल घ्या. संडासात मोबाइल नेऊ नका, कुंथू नका. रक्त पडत राहिलं तर मूळव्याधच असेल असं धरून बसू नका, तपासून घ्या. आणि दिवसातून दोन-तीनदा घमेल्यात कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटं बसा."

म्हणजे शेवटी बसायलाच सांगितलं! पण या बसण्याला मंडप नको, माइक नको, आणि आराम त्याच दिवशी पडतो. अंतरवालीच्या इतिहासातलं सगळ्यात लवकर फळाला आलेलं बसणं हेच.

आजीनं ताकाचं गाडगं पुढं केलं. चरकसंहितेनंही या दुखण्यावर ताकाची थोरवी गायलीय, पण आजीनं चरकाला विचारलं नव्हतं. जालन्याची मोसंबी तर घरचीच. रस काढून उपोषण सोडवायला वापरतात, तशी नाही. आबांना ती चोथ्यासकट खायची होती. रस पुढाऱ्याला आणि चोथा रुग्णाला, ही वाटणी एकदाची न्याय्य ठरली.

तरी मी म्हटलं, "आबा, घमेलं आहे, ताक आहे, पण मलमाचं काय? निवेदन देऊ. उपोषणाला उभे राहू." आबा तयार झाले. आम्ही दवाखान्यात गेलो. खिडकीतल्या बाईंनी रजिस्टर उघडलं. "नोंद करते. मागणी वर गेली तरच माल येतो. काय त्रास आहे?"

मागं अकरा माणसं रांगेत. त्यात आबांचे व्याही.

आबा खाकरले. "पोटाचा," म्हणाले.

बाईंनी लिहिलं. मागच्या अकरांतले चौघं, बाकडं रिकामं असूनही, बसलेले नव्हते. त्यांनीही एकेक करून पोटच सांगितलं.

पुढच्या खेपेला दवाखान्यात माल आला. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या. भरपूर.