बेडूक : निरंक

अहवाल स्पायरल बायंडिंगचा आहे. मुखपृष्ठावर हिरवंगार पान आणि पानावर दवाचा थेंब. आत, सड्यावर होऊ घातलेल्या टाउनशिपच्या जागेवर सध्या कोण कोण राहतं याचा तक्ता. कावळा आहे. साळुंकी आहे. खार आहे. गाय, म्हैस, शेळी आणि भटका कुत्रा ही मंडळी 'प्राणिजीवन' या मथळ्याखाली मानाने बसली आहेत. आणि सगळ्यात खाली एक ओळ : उभयचर – निरंक.

कोकणातल्या सड्यावर बेडूक निरंक! चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग पाहणीची तारीख बघितली. एप्रिल.

'निरंक' हा शब्द मला फार आवडतो. 'दिसला नाही' म्हटलं तर कुठे पाहिलंत, असं विचारता येतं. 'नसावा' म्हटलं तर असेलही, असं म्हणता येतं. निरंकपुढे बोलणंच खुंटतं. तो शब्द पोटातून शिक्का मारूनच जन्माला येतो.

बरं, कुणी कामचुकारपणा केला म्हणावं तर तसंही नाही. सगळं नियमात आहे. बांधकाम २०,००० चौरस मीटरला पोचलं की पर्यावरण मंजुरी लागते (म्हणून तर १९,९०० वर आल्यावर भल्याभल्यांना साधी राहणी आठवते). टाउनशिप मोठी असेल तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे साग्रसंगीत अहवाल, आणि त्यासाठी एका हंगामाची माहिती. कुठल्या हंगामाची? पावसाळा सोडून कुठल्याही. याला कारण आहे आणि ते शहाणपणाचं आहे. पावसात धूळ बसते, हवा उगाच सोज्ज्वळ दिसते, तेव्हा हवा मोजायची तर कोरड्यात मोजा. इथवर ठीक. पण धुळीसाठी काढलेली पट्टी तशीच उचलून बेडकाला लावली. पावसात जाऊन बेडूक बघायला कुणाची बंदी नाही, पण जे केलं नाही तरी चालतं ते आपल्याकडे करायचं नसतं. वैशाखात पंढरपूरच्या वाळवंटात उभं राहून दिंड्या मोजाव्यात आणि लिहावं : वारकरी – निरंक.

आता जरा बेडकाची बाजू. एप्रिलात तो जांभ्याच्या भेगेत, मातीच्या पोटात निपचित पडलेला असतो. वर सडा म्हणजे करपलेल्या भाकरीचा पापुद्रा. अशा वेळी वर टोपी, पाण्याची बाटली आणि मोबाइल घेऊन कुणी आपली शिरगणती करतंय, हे त्याला कळणार कसं? नोटीस द्यायला हवी होती. 'पाहणीच्या दिवशी सकाळी ११ ते १ या वेळेत मूळ कागदपत्रांसह जागेवर समक्ष हजर राहावे, अन्यथा आपले काही म्हणणे नाही असे समजून पुढील कार्यवाही करण्यात येईल.' तो आला नाही, म्हणजे त्याचं काही म्हणणं नाही. मृगाचा किडाही आला नाही, नावातच मृग असून त्याला पत्ता विचारला चैत्रात. देवगांडूळ आलं नाही. कंदीलपुष्प कंदात झोपलेलं. नवरंग पक्षी पहिल्या पावसाबरोबर येतो, तो अजून वाटेत. चढणीचे मासे चढायला आधी पाणी लागतं. सीतेची आसवं निरंक. दवबिंदू नावाची किडे खाणारी वनस्पती निरंक. दव फक्त मुखपृष्ठावर. आंबोलीच्या कातळावर पहिल्या पावसाच्या डबक्यांत अंडी घालणारा एक भेक आहे, त्याला शास्त्रात नाव मिळालं २००९ मध्ये. ते मिळालं कारण कुणीतरी भिजत, जळवा झटकत तिथे गेलं होतं. एप्रिलात गेले असते तर त्याचंही नाव निरंकच पडलं असतं. कास पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे. एप्रिलात बघाल तर हेलिपॅडला उत्तम जागा.

पाहणी करणाऱ्या मुलाला गाठलं. प्राणिशास्त्रात एमएस्सी, उन्हाने रापलेला, बिचारा.

"अरे, जूनमध्ये का नाही आलास?"

"काका, मला कळत नाही का हो? मी विचारलं होतं. बजेटमध्ये एकच व्हिजिट आहे म्हणाले."

"पण इथे लिहिलंयस, स्थानिकांशी चर्चा केली. त्यांनी बेडकाचं नाव काढलं नाही?"

"वॉचमनला विचारलं ना. तो मार्चमध्येच रुजू झालाय."

या मुलावर माझा राग नाही. त्याचा पगार देतो सल्लागार, सल्लागाराचं बिल देतो ज्याला बांधायचंय तो. बेडकाकडून कुणाला पैसे येत नाहीत.

राग आहे तो पुढच्या पानावर. 'ओढा – हंगामी, पाहणीच्या वेळी कोरडा.' अहो, एप्रिलात कोरडाच असणार! हंगामी म्हणजे हंगामात येणारा, कायमचा गेलेला नव्हे. या एका 'कोरडा'वर ओढ्याचा नाला होतो, नाल्याचा पाइप होतो, पाइपावर पार्किंग होतं, आणि मग २५ सप्टेंबर २०१९ सारखी एक रात्र येते. त्या रात्री पुण्यात आंबिल ओढा भिंती पाडत, गाड्या लोटत, माणसं घेऊन गेला. सप्टेंबरातला ओढा कुणाचा एप्रिलातला अहवाल वाचून वाहत नाही. दुसऱ्या दिवशी पाण्याला 'अभूतपूर्व' म्हणायला मात्र सगळे हजर. अभूतपूर्व कसलं डोंबलाचं! आमची आजी सांगायची ओढ्याच्या काठाला गोठासुद्धा बांधू नये. तिच्याकडे ना मंजुरी होती, ना स्पायरल बायंडिंग.

असो. रक्तदाब वाढला म्हणून विषय बदलावा आणि त्याच टाउनशिपचं माहितीपत्रक चाळावं, म्हणून ते उघडलं. गुळगुळीत कागद. पहिल्याच पानावर तोच सडा. तेरडा फुललेला, सोनकीचा पिवळा गालिचा, धुकं, आणि कोरडा म्हणून नोंदलेला ओढा फेसाळत उडी घेतोय. खाली ओळ : 'निसर्गाच्या कुशीत'. म्हणजे जागा कधी जिवंत असते हे यांना पक्कं ठाऊक आहे. फोटोवाल्याला ऑगस्टमध्ये पाठवलं, दोनदा पाठवलं असणार, कारण पहिल्या दिवशी धुकं फार असतं. बजेटही निघालं.

चौथ्या पानावर क्लबहाउसच्या नियोजित जागेचा फोटो आहे. कातळात साचलेलं डबकं, त्यात ढगांचं प्रतिबिंब, आणि डाव्या कोपऱ्यात काहीतरी पिवळंधमक. भिंग आणून नीट बघितलं.

तीन आहेत.