प्रस्थान ठेवण्याची अर्वाचीन रीत

प्रवासास निघण्याचा शुभ मुहूर्त आणि निघण्याची प्रत्यक्ष सोय यांचा मेळ बसत नसे, तेव्हा आपले पूर्वज प्रस्थान ठेवीत. उत्तरेस जावयाचे ते बुधवारी, परंतु बुधवारी उत्तरेस दिशाशूल, असा पेच पडला की आदल्या रविवारीच तांदूळ, सुपारी आणि एखादे उपरणे अशी पुरचुंडी बांधून ती शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवावयाची. एवढ्याने शास्त्रापुरता मनुष्य मार्गस्थ झाला असे मानले जाई, आणि तो स्वतः बुधवारपर्यंत आपल्याच ओसरीवर बसून ताक प्यावयास मोकळा राही. विमाने आल्यापासून ही रीत बुडाली अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी पुण्याच्या बंडगार्डनात सायंकाळी पाचच्या सुमारास एक चक्कर मारावी. चाकांच्या बॅगेवर पाय टेकवून, दर चार मिनिटांनी मनगटाकडे पाहत एखादा गृहस्थ तेथे बसलेला आढळेल. तो प्रस्थान ठेवण्यास आला आहे. फरक इतकाच की, हल्ली पुरचुंडीबरोबर यजमानासही नेऊन ठेवावे लागते.

हे कृत्य यथासांग कसे करावे, याविषयी मराठीत ग्रंथ नाही. ती उणीव अंशतः भरून काढण्याचा हा अल्प यत्न आहे.

प्रथम अधिकाराचा विचार. रात्री आठ चाळीसच्या विमानासाठी जो दुपारी साडेतीनला घराबाहेर पडतो, तोच या विधीचा अधिकारी. एवढ्या लवकर का, हा प्रश्न त्यास विचारू नये. प्रवाशांची बोर्डिंग गेटे उड्डाणापूर्वी पंचवीस मिनिटे बंद होतात आणि सामान स्वीकारणारे काउंटर बहुधा तासभर आधी, हे त्यास तोंडपाठ असते. त्यावर तो नगर रस्त्याची कोंडी, संभाव्य मिरवणूक, संभाव्य पंक्चर आणि संभाव्य पाऊस यांच्या रकमा चढवीत जातो, आणि शेवटी जी बेरीज येते ती आदल्या रात्रीची असते. पण खरे कारण निराळे आहे, आणि ते सांगावयास मी कचरत नाही. बॅगेची साखळी एकदा ओढली की मनुष्य घरात अडगळ होतो. झाडणारी बाई त्याच्याभोवतीने केर काढते, चहा विचारला जातो तो पाहुण्यास विचारावा तसा, आणि ‘निघायचं नाही का?’ हा प्रश्न तीन निरनिराळ्या खोल्यांतून येतो. अखेरीस हातावर दही पडते. दही चाटून आणि ‘येतो’ म्हणून जो उंबरठ्याबाहेर पडला, त्याला पाच तास हाती असले तरी परत फिरता येत नाही. निरोप हा असा दस्तऐवज आहे की जो रद्द करून पुन्हा नव्याने लिहून घेता येत नाही. तेव्हा घर सुटले आणि विमान लागलेले नाही, अशा बेवारस मुदतीत ठेवावयास जागा हवी. ती जागा म्हणजे बाग.

पुणेकराने बंडगार्डनच का पसंत करावे? एक तर ते विमानतळापासून सुमारे सहासात किलोमीटर अलीकडे आहे, म्हणजे भीती वाटू नये इतके जवळ आणि विमानतळ दिसू नये इतके दूर. दुसरे, वनाजहून रामवाडीस जाणाऱ्या मेट्रोचे स्थानकच तेथे आहे, त्यामुळे डेक्कनवरून निघालेला मनुष्य नगर रस्त्याची वाट न पाहता अर्ध्या तासाच्या आत नदीकाठी उतरतो. दफ्तरी या बागेचे नाव महात्मा गांधी उद्यान असे आहे. परंतु ते रिक्षावाल्यास सांगून पाहू नये, कारण तो ‘कुठलं?’ असे विचारील, आणि अखेर आपल्यालाच बंडगार्डन म्हणावे लागेल. नावातला बंड म्हणजे बंधारा. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुळा-मुठेवर तो घातला गेला, आणि त्याच्या शेजारी मुंबईच्या गव्हर्नराचे नाव धारण करणारा फिट्झजेराल्ड पूल 1867 साली उभा राहिला. पुलाच्या टोकांशी सिंहांच्या मूर्ती आहेत. राजवट गेली, गव्हर्नरसाहेब गेले, रहदारीही बव्हंशी शेजारच्या नव्या पुलावर गेली. हे सिंह मात्र बदलीचा हुकूम न मिळालेल्या शिपायांप्रमाणे आपापल्या जागी हजर आहेत.

कोणी म्हणेल, वेळच काढावयाचा तर विमानतळाच्या वाटेवर आगाखान महालाचेही आवार आहे, आणि ते अधिक शांत. या ठिकाणी मी क्षणभर विनोद बाजूला ठेवतो. ज्या वास्तूत गांधीजी 1942 पासून 1944 पर्यंत स्थानबद्ध होते आणि जेथे महादेवभाई व कस्तुरबा यांच्या समाध्या आहेत, तेथे विमान पकडण्याआधीची सवड घालवावयास जाऊ नये. जावयाचे तर त्यासाठीच स्वतंत्र दिवस काढून जावे.

आता वेळेचा बंदोबस्त. महानगरपालिकेच्या बहुतेक बागा दुपारी बंद असतात. परगावच्या माणसास याचे नवल वाटते; पण ज्या शहरात दुकानदार एक ते चार झोपतो तेथे झाडांनी जागे राहावे अशी अपेक्षा अन्यायाची आहे. तात्पर्य, साडेतीनला निघालेल्याने फाटकाबाहेर काही काळ उभे राहण्याची मानसिक तयारी ठेवावी. फाटकाशी रखवालदार आपल्या बॅगेकडे पाहील. विमानतळावर यंत्रातून जाणारी बॅग येथे केवळ नजरेतून जाते, आणि माझा अनुभव असा की नजर अधिक खोल जाते. माझ्या वेळी तो इतकेच म्हणाला, ‘‘काका, राहायला आलात का?’’ आणि बाजूला सरकला.

सामानाविषयी दोन शब्द अवश्य सांगावयास हवेत. हातातली बॅग सात किलोंची, पोटात द्यावयाची पंधराची, ही वाटणी घरच्या वजनकाट्यावर तीनदा रुजू करून घेतलेली असते. तरीही बागेतल्या बाकावर चौथ्यांदा बॅग उघडण्याचा मोह होतोच. तो आवरू नये, कारण हीच ती घटका आहे जेव्हा दिल्लीच्या बहिणीसाठी बांधून दिलेल्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्या हातबॅगेत सापडतात. खोबरे हा पदार्थ विमानशास्त्राच्या दृष्टीने ज्वालाग्राही आहे. त्यातील तेलामुळे तो आपोआप तापू शकतो, म्हणून तो हातबॅगेतही चालत नाही आणि पोटात द्यावयाच्या बॅगेतही नाही. ज्या वस्तूवाचून कोकणात एकही आमटी होत नाही, ती बंदुकीच्या गोळ्यांच्या पंगतीस बसलेली पाहून मन विषण्ण होते. मी त्या वाट्या शेजारच्या बाकावरील आजींना देऊ केल्या. त्यांनी एक वाटी उलटीपालटी करून, नखाने खरवडून, वास घेऊन ‘खवट नाही’ असा दाखला दिला, आणि मगच पिशवीत टाकल्या.

बाकाची निवड हा कलेचा भाग. पाठीवर ‘कै.’ने आरंभ होणारी पाटी असलेला बाक शक्यतो टाळावा. एरवी त्यात काही वावगे नाही, परंतु उड्डाणापूर्वी दोन तास ती अक्षरे खांद्यामागे असू नयेत. मार्गावर बसविलेल्या फरश्यांपासूनही दूर बसावे, कारण त्यांवरून ओढलेल्या बॅगेच्या चाकांचा खडखडाट ऐकून चालावयास आलेले सारे निवृत्त लोक एकाच वेळी वळून पाहतात, आणि त्यांतील एक हटकून येऊन बसतो. ‘‘कुठे?’’ तो विचारतो. ‘‘दिल्ली.’’ ‘‘विमानानं?’’ बॅगेस लटकलेल्या चिठ्ठीकडे पाहूनही हा प्रश्न येतो. यापुढील अर्धा तास त्याचा आहे, हे जाणून निमूट शरण जावे. झेलम एक्सप्रेस किती सोयीची होती, डब्यातली माणसे एकमेकांचे डबे कसे उघडीत, आणि आता कसे कोणी कोणाकडे पाहत नाही, हे सर्व तो सांगेल. आणि हे सांगत असताना तो एकदाही आपल्याकडे पाहणार नाही.

उरला प्रश्न शांततेचा. विमानतळाजवळची शांत बाग हा शब्दप्रयोगच ‘कोरडा पाऊस’ या जातीचा, असा आक्षेप येईल. त्यास उत्तर असे की, लोहगाव हे तुकोबांचे आजोळ असले तरी 1939 पासून ते हवाई तळाचे गाव आहे, आणि नागरी विमाने तेथे हवाई दलाची पोटभाडेकरू म्हणून नांदतात. सुखोई जातीची लढाऊ विमाने या देशात 1997 साली प्रथम उतरली ती याच तळावर. असे एखादे विमान डोक्यावरून गेले की बोलणारा वाक्याच्या मध्यावर थांबतो, तोंड तसेच उघडे ठेवतो, आणि गर्जना ओसरल्यावर त्याच क्रियापदापासून पुढे चालू करतो. त्यानंतर जे काही क्षण उरतात त्यांस या भागात शांतता म्हणतात. एवढ्या क्षणांत नदीकडे पाहून घ्यावे. जलपर्णीच्या हिरव्या गालिच्यावर वंचक बगळा थकबाकी वसूल करावयास बसलेल्या कारकुनासारखा मान आखडून उभा असतो. आणि हिवाळा असेल, पाणी बरे असेल, तर चोचीच्या मुळाशी कुंकू आणि टोकाशी हळद लावलेली हळदी-कुंकू बदके बंधाऱ्याच्या वरच्या अंगास तरंगताना दिसतात. त्यांची विमाने चुकत नाहीत.

सव्वासहाला उठावे. पुलापलीकडे येरवडा, गुंजन चौक, गोल्फ क्लब, मग विमानतळाचा रस्ता. रिक्षावाल्यास विमानाची वेळ सांगू नये. सांगितल्यास भाडे तिच्याशी व्यस्त प्रमाणात वाढते.

मात्र उठण्यापूर्वी एक संकट येते आणि त्याची तजवीज आधीच करून ठेवावी. घरून फोन येतो.

‘‘पोचलात का हो?’’

‘‘पोचलो ना,’’ मी म्हणालो. ‘‘केव्हाच.’’

त्याच वेळी मागून एक मूल ओरडले, ‘‘आई, ते बघ बदक!’’

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नव्हता. मी सांगितले की, नवीन टर्मिनल आहे, पुष्कळ सोयी केल्या आहेत.

‘‘बरं,’’ ती म्हणाली. ‘‘मग त्या सोयींना डब्यातली पोळी घालू नका. मागच्या वेळी अगदी पाटीखाली उभं राहून घातली होतीत.’’