उलटी प्रदक्षिणा

घरातलं इंटरनेट गोगलगायीच्या चालीने चालतं, राउटर बदला, असं हिचं दोन महिने टुमणं चाललं होतं. त्यामुळे बोहरी आळीतून खोकं बगलेत मारून आलो आणि "राउटर आणला गं" म्हणालो, तेव्हा गॅसवरचं दूध तसंच सोडून हिने आधी मुलाला व्हिडिओ कॉल लावला. खोक्यावर १२०० वॅट असं लिहिलं होतं, तेही त्याला वाचून दाखवलं. "बराच दणकट दिसतोय. मागच्या खोलीतही पोचेल आता."

पोचतो. आवाज मागच्या खोलीतच काय, समोरच्या सोसायटीत पोचतो, आणि भुसा पोचतो साखरेच्या डब्यात.

लाकूडकामाचा राउटर म्हणजे तांब्याएवढी मोटर, दोन्ही बाजूंना दोन मुठी, खाली सपाट तबकडी आणि तबकडीच्या भोकातून डोकावणारा एक दात. या दाताला बिट म्हणतात. बिट बदलाल तसं काम बदलतं: कडेला गोलाई, फळीत खाच, सनमायकाची छाटणी. वीज नव्हती तेव्हा हे काम हाताने ढकलायच्या हत्याराने व्हायचं, आणि त्यातल्या एका जुन्या घाटाला इंग्रज सुतार चक्क 'म्हातारीचा दात' म्हणत. माझ्या म्हातारीचा दात मिनिटाला २४,००० फेरे घेतो. छताचा पंखा साडेतीनशेच्या आसपास घेतो. हिशेब करायची सवय बँकेतली, त्यामुळे रात्री वहीवर मांडून पाहिलं: २५ मिलिमीटर व्यासाच्या बिटाची धार या वेगाला ताशी ११३ किलोमीटरने धावते. एक्सप्रेसवेवर मोटारीला शंभरच्या पुढे जाऊ देत नाहीत आणि हे प्रकरण आमच्या गच्चीत, विनापरवाना. म्हणूनच बिट जितका जाडा तितका वेग कमी ठेवायचा असतो. माझ्या मशीनवर वेगाची चकती आहे. तिच्यावर एक ते सहा आकडे आहेत आणि माणसाचा हात उगाचच सहाकडे जातो.

मला करायचा होता गणपतीचा पाट. सागवानी, साधा, चारी कडांना गोलाई. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या व्हाउचरांवर सह्या केल्यावर एक तरी वस्तू स्वतःच्या हातची असावी, एवढीच इच्छा.

"आधी मला बोलवा, मग बटण दाबा," असं आमच्या मिस्त्रींनी फोनवर बजावलं होतं. आले, मशीन उलटंसुलटं पाहिलं, आणि डाव्या हाताच्या अंगठ्याने बोटांची पेरं मोजत नियम सांगू लागले. चार बोटं, बारा पेरं, बारा नियम.

पहिल्या पेराला त्यांनी प्लग काढला. बिट घालायचा-काढायचा तर पिन भिंतीतून बाहेर हवी. नुसतं बटण बंद करून भागत नाही. दुसरं पेर कोलेटचं. बिटाची दांडी ज्या चिमटीत आवळली जाते ते कोलेट. इथेच मी पकडला गेलो, कारण मशीनचं कोलेट पाव इंची आणि स्वस्त मिळाला म्हणून मी आणलेला बिट सहा एमएमचा. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. "पाऊण दोऱ्याचासुद्धा फरक नाही हो," मी म्हणालो. मिस्त्रींनी बिट घालून पाना जोर लावून आवळला आणि दोन बोटांनी तो अलगद ओढून माझ्या हातात ठेवला. "हा गच्चीवरून सुटला की शेजारच्यांकडे विचारायला जायचं, काका, आमचा बिट आलाय का म्हणून."

तिसरं पेर मला फार आवडलं. दांडी तळाला टेकेपर्यंत घालायची आणि मग दोनतीन मिलिमीटर वर उचलून आवळायची. आवळताना कोलेट तिला खाली ओढतं. दांडी आधीच तळाला टेकलेली असेल तर ओढायला जागा उरत नाही, पकड खोटी बसते. लाकूड शिकंज्याने टेबलाला घट्ट बांधायचं, मशीनला दोन्ही हात, वायर खांद्यावरून मागे. एका दमात सगळी गोलाई काढायची नाही, दोनतीन मिलिमीटर करत खाली उतरायचं. डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या जागतिक संस्थेने १९९५ सालापासून लाकडाची धूळ तंबाखूच्या पंगतीला बसवली आहे. मिस्त्रींनी हे ऐकलं आणि तोंडातली मावा-पुडी शांतपणे गालाच्या दुसऱ्या बाजूला सरकवली.

नवव्या पेराला माझा पोशाख आला. मी हातमोजे घातले होते. ते उतरवले, कारण फिरत्या बिटाला कापडाचा एक धागा पुरतो, मग तो हातासकट बोलावून घेतो. मनगटातला गंडा सोडवला. सदऱ्याच्या बाह्या कोपराच्या वर गेल्या. शेवटी त्यांची नजर लेंग्याच्या लोंबत्या नाडीवर स्थिरावली. "ही आत खोचा, काका. पुढचं काही मी सांगत नाही."

दहावं झालं, अकरावं झालं, आणि अंगठा करंगळीच्या टोकाशी जाऊन थांबला. तिथे पेर नव्हतं.

"बारावा नियम," मिस्त्री म्हणाले, "बटण बंद केलं तरी बिट फिरत असतो. पूर्ण थांबल्याशिवाय हात जवळ न्यायचा नाही." 

त्या नियमाची उजळणी मला कधीच करावी लागली नाही.

बाराही नियम पाठ केले, तरी तेरावा माझा मलाच सापडला. आमच्याकडे गुरुवार हा विजेच्या दुरुस्तीचा वार. जुन्या फळकुटावर सराव करत होतो आणि मशीन हातातच मेलं. मी ते बारा मोजून आडवं ठेवलं आणि चहाला खाली गेलो. बटण चालू स्थितीत अडकवलेलं तसंच राहिलं होतं. दुसरा घोट घेतला आणि वीज आली. महागड्या मशीनांत वीज परतली तरी ती आपणहून सुरू होऊ नयेत अशी सोय असते; माझ्यात ती नाही. वर पोचलो तेव्हा राउटर टेबलावरून उडी घेऊन हिच्या कढीपत्त्याच्या कुंडीत शिरला होता आणि ताशी शंभराच्या वेगाने फोडणीची तयारी करत होता. मी आरडाओरडा केला. हिने भिंतीवरचं बटण बंद केलं.

खरी अडचण दिशेची होती. वरून पाहिलं तर बिट घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, म्हणून फळीच्या बाहेरच्या कडेने मशीन काट्यांच्या उलट न्यायचं. म्हणजे बिट लाकडाला भिडतो, तुम्ही रेटता, काम होतं. सुलटं नेलंत तर बिट लाकडात पाय रोवून पळत सुटतो आणि तुम्ही मागून, घाईला आलेल्या कुत्र्यामागे मालक जातो तसे. मी नोकरीभर सुलटाच गेलेला माणूस. साहेब ज्या दिशेला फिरतील तिकडे फिरायचं, वेळेवर बढत्या घ्यायच्या. साठीनंतर पहिल्यांदा कुणाला तरी सामोरं जाऊन रेटायचं होतं, तेही १२०० वॅटच्या माणसाला.

"बाप्पाच्या पाटाला उलटी प्रदक्षिणा?" हिने दारातूनच हरकत घेतली.

"देवाला सुलटी, मशीनला उलटी, काकू," मिस्त्री म्हणाले. "मधे भोक पाडून आतली कड घ्यायची असती तर सुलटीच घातली असती." या उत्तराने तिचं समाधान झालं. माझ्या कुठल्याच उत्तराने होत नाही.

अखेर पाट झाला. आधी आखूड बाजू घेतल्या, जिथे लाकडाच्या रेषा संपतात त्या. तिथे कोपऱ्याचा टवका उडतो, पण मग लांब बाजू घेताना तो टवक्यासकट निघून जातो. कानांवर मी मोठाले इअरमफ चढवले होते. या मशीनचं मला सगळ्यात जास्त काय आवडत असेल तर ते हेच. यांच्या कृपेने दोन आठवडे दळण, गॅसचा नंबर आणि हिच्या भावाचे फोन यांतलं काहीच माझ्या कानी आलं नव्हतं. "ऐकूच येत नाही गं," एवढं म्हटलं की प्रश्न मिटत होता.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मिस्त्री आले. आम्हा दोघांच्या देखत त्यांनी पाटाच्या कडेवरून अंगठा फिरवला. तीन बाजू बिनबोभाट गेल्या. चौथ्या कोपऱ्याशी अंगठा थांबला. तिथे विडीने चटका द्यावा तसा काळा डाग होता.

"इथे थांबलात, काका. मशीन एका जागी थांबलं की बिट घासून लाकूड जाळतो. का थांबलात?"

"मुद्दाम नाही हो," मी म्हणालो, "हिने खालून हाक मारली म्हणून."

मिस्त्रींनी खिशातून पॉलिशपेपर काढला आणि खाली मान घालून डाग घासू लागले. ही माझ्याकडे बघत होती.

"म्हणजे ऐकू येत होतं तर."