साहेबाचा खापरपणजोबा कसा शोधावा
(नवशिक्या यजमानांसाठी)

तुमचा मुलगा लंडनला नोकरीला असतो. त्याच्या हपिसातल्या गोऱ्या सहकाऱ्याचा खापरपणजोबा म्हणे बेळगावच्या कॅम्पात होता. त्याचा माग काढायला तो गोरा येतो आणि हॉटेल सोडून बेळगावजवळच्या मच्छे गावात, तुमच्या माडीवर उतरतो. अशा वेळी घाबरू नये. खालीलप्रमाणे वागावे.

आधी वही घ्यावी आणि नाव, पलटण, धर्म एवढेच लिहून घ्यावे. हुद्दा लिहू नये. घरच्या गोष्टींत पूर्वज कॅप्टन असतो, रजिस्टरात साधा शिपाई निघतो. बऱ्याचदा तो इंग्रजही नसतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या पलटणींत आयरिश भरती भरपूर होती. कॅथलिक निघाला तर चर्चच बदलावे लागते. पाहुण्याचा चेहरा उतरला की कुंदा पुढे करावा.

मग साल विचारावे, कारण सगळे सालावर आहे. एप्रिल 1818 मध्ये इंग्रजांच्या थॉमस मन्रोने बेळगावचा किल्ला घेतला तो मद्रासच्या फौजेनिशी. म्हणून अगदी सुरुवातीचा शिपाई मद्रासच्या दप्तरात शोधावा, नंतरचा मुंबईच्या. 1858 पर्यंत गोऱ्या पलटणी दोन धन्यांच्या होत्या. कंपनीच्या नोकराचे कागद ब्रिटिश लायब्ररीत आहेत, राणीच्या पलटणीतल्याचे क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये. नावनिशीवार खानेसुमारीचा नाद सोडावा. इंग्लंडात 1841 पासूनची घरोघरची नावे जपून ठेवली आहेत, आपल्याकडे आकडे छापले आणि घरोघरचे तक्ते गेले.

चर्चचे रजिस्टर मात्र सोन्यासारखे. बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नकला पाद्रीसाहेब मुंबईला पाठवी आणि तिथून त्या लंडनला जात. म्हणजे बेळगावात मेलेला माणूस शोधायचा तर लंडनचे दप्तरच बघायला हवे. पाहुणा तिथूनच आला आहे, हे त्याला पहिल्या दिवशी सांगू नये. तिकिटाचे पैसे गेलेले असतात.

दफनभूमीत न्यावेच लागते. आधी परवानगी काढावी, पायात बूट घालावेत, सापाची काळजी घ्यावी. दगडावर ॲसिड ओतू नये, तारेच्या ब्रशने घासू नये. सकाळच्या तिरप्या उन्हात अक्षरे आपोआप उठून दिसतात. दगड साहेबांना मिळाले. कॉलऱ्याने गेलेल्या शिपायाला बहुधा रजिस्टरातली एक ओळच मिळाली. थडगे नाही म्हणजे पूर्वज नव्हता, असे पाहुण्याला वाटू देऊ नये.

पारावर नेणे टाळावे. तिथले आजोबा "साहेब होय? आमच्या आज्ज्यानं बगितलेला की!" म्हणून सुरू होतात आणि खानापूरच्या जंगलातला वाघ मारून झाल्याशिवाय थांबत नाहीत. पाहुणा ते सगळे टिपून घेतो आणि पुढच्या पिढीला तोच इतिहास होतो. कित्तूरला 1824 मध्ये मारला गेलेला कलेक्टर सेंट जॉन थॅकरे हा कादंबरीकार थॅकरेचा काका. त्याचे नाव तर पाहुण्यापुढे काढूच नये. लगेच नाते जुळते.

खरी कसोटी बायकांच्या नावांपाशी लागते. गोऱ्या शिपायाची गोरी विधवा शोधताना तिचे आडनाव दर दोन वर्षांनी बदलते. ती उठवळ होती असे समजू नये. नवरा गेला की काही महिन्यांत तिचा शिधा बंद होई, आणि परत जायला पैसे नसत. पुन्हा लग्न करणे हाच तिचा पेन्शनचा अर्ज. इथलीच एखादी बाई शिपायाबरोबर राहिली असेल, तर मुलाच्या बाप्तिस्म्यात बापाचे नाव, पलटण, हुद्दा सगळे असते आणि आईच्या जागी नुसते 'मारिया', नाहीतर तेही नाही. ती आपल्याकडची कुठल्या घरची, हे लंडनलाही ठाऊक नाही.

इथे यजमानाला हेळवी आठवतो. सुगीनंतर बैल घेऊन दारात येणारा, धान्य घेऊन सात पिढ्या धडाधड म्हणणारा. त्याला जरूर विचारावे. पण तो धान्य देणाऱ्या घराचीच वंशावळ ठेवतो, आणि तीही बापाकडून मुलाकडे जाते. घर सोडून कॅम्पात गेलेली मुलगी त्याच्याकडेही नाही. तुमच्याच पणजीचे माहेर विचारून पाहा, तो बैलाकडे बघू लागेल.

तेव्हा पाहुण्याच्या लॅपटॉपवरच्या वंशवृक्षात तो चौकोन रिकामा ठेवायला लावावा. ही सूचना कडक पाळावी, कारण रिकामा चौकोन दिसला की हे लोक त्यात 'भारतीय राजकन्या' भरतात. मच्छेचा राजवाडा कुठल्या बाजूला होता, असेही तो मग विचारतो. चहा ठेवावा.